सात मिनिटं

जाहिरातीत लिहिलं होतं : मेट्रो स्टेशनपासून सात मिनिटं.
कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

मी वाशीत दातांच्या लॅबमध्ये काम करते.
कवळ्या, कॅपा, साचे.
अर्धा मिलिमीटर चुकला
तर माणूस आयुष्यभर एकाच बाजूनं चावतो.
त्यामुळे मोजल्याशिवाय मी काही मानत नाही.

रविवारी आईला घेऊन पेंधरला उतरले,
घड्याळ लावलं.
आईचा डावा गुडघा.
अर्धवट गटार, त्यावर आडवी टाकलेली फरशी.
आईनं आधी चपलेचं टोक टेकवून पाहिलं,
मग पाय.
वाटेत झोपलेलं कुत्रं ओलांडायचं की वळसा घालायचा
यात पाऊण मिनिट.
एकूण एकोणीस.

जितेश मढवी, एजंट, गोड हसला :
'ताई, सात मिनिटं बाइकची.'

चौथा मजला. लिफ्ट पुढच्या महिन्यात.
कार्पेट तीनशे बावीस, मी टेपनं मोजलं, तीनशे अकरा भरलं.
आईनं टेप मागितली नाही.
आतल्या खोलीत गेली, पदर सारखा केला
आणि कोऱ्या लादीवर चक्क आडवी झाली.
पाय ताणले. हात पसरले.
'मावते,' म्हणाली.
एजंट खिडकीबाहेर बघू लागला.

घर दाखवायची वेळ सकाळी दहा ते बारा, का,
ते मला मंगळवारी रात्री एकटी आले तेव्हा कळलं.
वारा फिरला होता, एमआयडीसीकडून येत होता,
गंजक्या लोखंडासारखा, थोडा आंबूस.
गेटवरचा माणूस म्हणाला, 'दोन महिन्यांत नाक शिकतं.'

मेट्रोच्या खांबाखाली पदीबाय बसते,
सुका जवळा, चार जुड्या माठ.
तिला विचारलं, इथून त्या बिल्डिंगपर्यंत किती लागतात?
ती जवळा चाळत राहिली.
'मिनटां कंची, पोरी?
यो आमचा शेत व्हता.
भाकर बांधून निघायचू,
ऊन डोक्याव यवाच्या आधी पोचायचू.
राती खेकरं पकराला.'
'विकली का?'
'गेली,' ती म्हणाली.
विकणं वेगळं, हे मला कळायला हवं होतं.
मी माठाच्या दोन जुड्या घेतल्या. भाव केला नाही.

बँकेत विचारलं, सहअर्जदार?
आई, म्हटलं.
वय?
एकाहत्तर.
त्यानं पेन उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.
त्या रकान्यात मग त्यानंच एक आडवी रेघ मारली,
सरळ, पट्टी न लावता.

दोनशे चाळीस हप्ते.
सवयीनं मी बत्तिसानं भागलं :
साडेसात तोंडांचे दात.
आई म्हणाली, 'मग साडेसातीच म्हण की.'
आणि आम्ही दोघी बँकेच्या पायरीवर
लोक बघेपर्यंत हसलो.

चौदा वर्षं कोपरखैरण्यात, अकरा-अकरा महिन्यांचे करार,
भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला फोन.
इथे पहिल्याच दिवशी आईनं सहा खिळे मारले.
चारांवर अजून काही टांगलेलं नाही.

लिफ्ट तीन महिन्यांनी आली.
मी सकाळी आठला निघते, बेलापूरला गाडी बदलते.
माझी नऊ मिनिटं लागतात, घाईत आठ.
सात कधीच नाही.
आई संध्याकाळी स्टेशनापर्यंत फिरायला जाते,
तिला परतायला तास लागतो,
कारण पदीबाय तिला माठ निवडायला बसवते
आणि दोघी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतात.
फरशी अजून तशीच आहे.
आई आता टोक टेकवत नाही.

काल रात्री वारा फिरला.
मी झोपेतच नाकावर चादर ओढली.
आई उठली, खिडकी लावली,
अंधारात जरा थांबली,
मग स्वतःशीच म्हणाली,
'आला, आपल्याकडचा वास.'